देवजीभाऊंचा शुक्रवारचा कॉल

आमच्या आळीत कुणी घसा ताणून बोलायला लागलं की बायका म्हणतात, "काय गो, देवजीची हवा लागली काय?" देवजीभाऊंना हे माहीत आहे. त्यांना राग येत नाही. निम्मं ऐकूच येत नाही, तर राग कुठून येणार.

देवजीभाऊ माझे शेजारी. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये मेंदीचं कुंपण, आणि त्या कुंपणाला ये-जा करून पडलेली एक फट. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. देवजीभाऊंची बायको गंगी, तीही गेली. त्यांची एकच मुलगी, सुषमा. ती मस्कतला एका हॉस्पिटलात नर्स आहे. म्हणजे दोन घरं आणि दोन माणसं. संध्याकाळी मी देवाजवळ दिवा लावते, तेव्हाच केव्हातरी त्यांच्या ओट्यावरचा बल्ब लागतो. त्यावरून एकमेकांना कळतं, की माणूस आहे.

देवजीभाऊ तरुणपणी बोटीवर खलाशी होते. एकदा जाळं ओढताना दोर पायात अडकला आणि गुडघा कामातून गेला. मग मच्छीमार सोसायटीने त्यांना ऑफिसात वायरलेसच्या सेटवर बसवलं. बोटी लांब गेल्या की मोबाइलला रेंज नसते, किनाऱ्यावरून त्यांच्याशी बोलायचं ते या सेटवरून. मी शाळेतून येता-जाता बघायची, खिडकीतून देवजीभाऊ दिसायचे. हातात माइक, माइकच्या कुशीला बटण. ते दाबून धरायचं आणि बोलायचं. बोलून झालं की सोडायचं, मग समोरचा बोलणार. दोघांनी एकदम बोलून चालत नाही. बटण सोडताना देवजीभाऊ न चुकता म्हणायचे, "सोडतो." म्हणजे आता तू बोल.

ही सवय इतकी अंगात मुरली की घरीदारी तेच. वाण्याच्या दुकानात, "अर्धा किलो साखर दे रे, सोडतो." गंगी होती तेव्हा त्यांच्यावर वैतागायची. "भांडताना पण सोडतो सोडतो! मग मी बोलायला लागले की हा माणूस जातो उठून!"

इंजिनाच्या आवाजाने उजवा कान आधीच गेला होता, सेटच्या खरखरीने डाव्याचं निम्मं नेलं. पुढे सोसायटीत नवीन माणूस आला आणि देवजीभाऊ घरी बसले.

सुषमा माझ्या वर्गात होती. आई गेली तेव्हा नववीत होती. बापाने तिला नर्सिंगला घातलं, अभ्यासाला लागतो म्हणून कॉम्प्युटरही घेऊन दिला. ती मस्कतला गेली आणि कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत राहिला, गंगीच्या जुन्या साडीचं कव्हर घालून. देवजीभाऊ रोज वरची धूळ झटकायचे, चालू कधी करायचे नाहीत.

फोन यायचा तो माझ्या मोबाइलवर, कारण देवजीभाऊंना फोनवरचं काही कळायचं नाही. मी फोन घेऊन फटीतून पलीकडे जायची. सुषमा सांगणार, मी ते त्यांच्या डाव्या कानाशी ओरडून सांगणार, ते ओरडून उत्तर देणार. अशाने काय बोलणं होतं? जेवलात का. गोळी घेतली का. तिकडे गरम आहे का. माझ्यामधून जाण्यासारखं तेवढंच जायचं. माझ्या नावाने कुणी बोटं मोडणार नाही, मी कधी शब्द इकडचा तिकडे केला नाही. पण बापलेकींच्या मध्ये तिसरा माणूस उभा, म्हटल्यावर कोण मनातलं बोलेल?

मागच्या दिवाळीनंतर सुषमाने एकदा मला म्हटलं, "बाई, हे बाबांना सांगू नका हं, मीच बोलणार आहे. माझा इथला करार संपतोय. आणखी दोन वर्षं राहायचं की घरी यायचं, ते मला लवकर कळवायचंय. मी बाबांना विचारणार आहे. पण तुमच्याकरवी नाही. रागावू नका."

"रागावू कशाला," मी म्हटलं. "पण त्यांना ऐकू कसं येणार?"

"हेडफोन पाठवतेय. बिनवायरचा, माइकवाला. दोन्ही कान झाकतो, आवाज मोठा करता येतो. कॉम्प्युटरला जोडायचा. माझ्या हॉस्टेलच्या नेटवर मोबाइलचा कॉल सारखा तुटतो, कॉम्प्युटरवरचा बरा लागतो. जोडाल ना बाई?"

मी हो म्हटलं. करार कधी संपतो ते मात्र देवजीभाऊंना आधीपासूनच ठाऊक होतं. मधल्या खोलीला त्यांनी स्वतःच्या हाताने चुना लावला होता, गुडघा धरत धरत, स्टुलावर चढून. विचारलं तर म्हणाले, "पोरीचा करार सरतोय ना. आली तर खोली नीट नको?" आली तर, असं म्हणाले. पण चुना दोन हात दिला होता.

हेडफोन घेऊन सुषमाबरोबर काम करणारी बोईसरची एक मुलगी सुट्टीवर आली. आम्ही दोघं डहाणूला जाऊन तिच्याकडून खोका घेऊन आलो. एसटीत देवजीभाऊ तो मांडीवर घेऊन बसले होते, देवाचा नैवेद्य न्यावा तसे.

मी एमएससीआयटी केलेलं. शाळेच्या ऑनलाइन मीटिंगांनी आणखी थोडं शिकवलं. तरी तो सगळा दिवस गेला. खोक्यात हेडफोन, चार्जिंगची वायर आणि नखाएवढी एक पिन. ती कॉम्प्युटरला लावायची, मग हेडफोन आणि कॉम्प्युटर एकमेकांना ओळखतात. पुढच्या बाजूला लावली तर काही होईना. खाऱ्या हवेने पुढची भोकं गंजून गेली होती. कॉम्प्युटर ओढून मागच्या बाजूला लावली, तेव्हा पिनेवर निळा दिवा लुकलुकायला लागला. हेडफोनचं बटण दाबून धरलं. तोही लुकलुकला. मग दोन्ही दिवे शांत झाले.

"ओळख पटली," मी म्हटलं.

"आँ?"

"पटली ओळख!"

पण आवाज काही हेडफोनमध्ये येईना. जुन्या स्पीकरमधूनच यायचा. सेटिंगमध्ये जाऊन आवाज कुठून बाहेर यावा तिथे हेडफोनचं नाव निवडलं. तेव्हा देवजीभाऊ एकदम दचकले आणि दोन्ही हातांनी कान धरले. "आला! गो बाय, केवढा आला!" मी आवाज कमी केला. त्यांनी परत मोठा करायला लावला.

मग माइक. आवाज आत कुठून जावा, तिथेही हेडफोनच निवडायचा असतो. हे मला उशिरा सुचलं. सुचल्यावर तपासून बघायचं म्हणून मी हेडफोन माझ्या डोक्याला लावला आणि जे तोंडाला आलं ते रेकॉर्ड केलं. 'शुभं करोति' आलं. मग हेडफोन त्यांच्या कानाला लावून ते वाजवलं. देवजीभाऊंनी डोळे मिटले आणि हात जोडले. किती वर्षांनी त्यांनी कुणाचा न ओरडलेला आवाज ऐकला असेल, कोण जाणे.

"माइक कुठंय यात?" त्यांनी विचारलं.

मी तोंडाशी येणारी दांडी दाखवली. त्यांनी ती चाचपली. दांडीच्या मुळाशी एक छोटं बटण होतं, ते त्यांच्या अंगठ्याला लागलं. त्यांचा चेहरा खुलला. "हा, हाय इथं," असं म्हणाले. मला वाटलं, माइक सापडला म्हणून म्हणाले.

पहिल्या शुक्रवारचा कॉल म्हणजे सण झाला. शुक्रवारी सुषमाला सुट्टी. पडद्यावर ती दिसली, केस धुतलेले, मागे हॉस्टेलची भिंत. आमच्याकडे कॅमेरा नाही, त्यामुळे ती आम्हाला दिसायची, आम्ही तिला नाही. ती काय बोलते ते फक्त देवजीभाऊंना ऐकू यायचं, आणि मला फक्त देवजीभाऊ. तेही इतक्या मोठ्याने, की बाहेरून जाणारा चिमण तांडेल कुंपणाशी थांबला.

"काय देवजी, इमान चालवतोस काय?"

"पोरीशी बोलतोय! मस्कत!"

"मग एवढा बोंबलतोस कशाला? फोन कशाला घेतला, असाच जाईल मस्कतला आवाज!"

देवजीभाऊ हसले. ऐकून की नुसतं तोंड बघून, माहीत नाही. बिनवायरचा हेडफोन म्हणून ते बोलत बोलत अंगणात गेले, विहिरीपर्यंत गेले, परत आले. मधेच म्हणायचे, "तुटतंय म्हणते. नेट." आमच्याकडे नेटचं रडगाणं नेहमीचंच, झाई म्हणजे हद्दीवरचं गाव, मोबाइल कधी कधी गुजरातचा टॉवर धरतो. त्यामुळे मलाही काही वाटलं नाही.

पुढच्या शुक्रवारी ती विचारणार हे मला माहीत होतं. मी मुद्दाम उशिरा गेले आणि कॉल लावून देऊन निघाले.

"बसा बाई," देवजीभाऊ म्हणाले. "मशीन बंद पडलं तर?"

म्हणून मी दाराशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसले, त्यांच्याकडे पाठ करून. इकडचं तिकडचं झालं. मग ते नुसते ऐकत होते. मी वळून पाहिलं. पडद्यावर सुषमा बोलत होती, मधे मधे खाली बघत होती. मग तिचं बोलणं थांबलं.

देवजीभाऊंनी अंगठा दांडीच्या मुळाशी नेला आणि पुढे वाकले.

"ये," ते म्हणाले. "आता ये गो बाय. लय झालं. खोलीला चुना लावलाय. तू ये. सोडतो."

माझा हात सुपात तसाच राहिला. मी मनातल्या मनात महालक्ष्मीला हात जोडले. वाटलं, झालं, पोर येणार.

पण पडद्यावर सुषमा तशीच बसून होती. चेहरा हलला नाही. ती वाट बघत असल्यासारखी बघत राहिली, मग बाजूला बघायला लागली. मग ओढणीने डोळे पुसले.

देवजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला काय कळणार? मला तिचा आवाज नव्हता. ते परत वाकले, परत अंगठा नेला, आणि या वेळी आवाज जरा उतरला होता.

"नाय तर राहा. तुझं तिकडं बरं चाललंय. माझी काय तक्रार नाय. राहा तू. सोडतो."

सुषमाने मान हलवली. काहीतरी बोलली. थोड्या वेळाने पडदा काळा झाला.

देवजीभाऊंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "राहते म्हणाली," ते म्हणाले. मग उठून बाहेर गेले आणि बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या ओळींमध्ये उगीच फिरत राहिले. त्या दिवशी बांबूंवर एकही बोंबील नव्हता.

मी सुषमावर मनातून रागावले. बापाने एवढं तोंड उघडून ये म्हटलं आणि पोरीच्या डोळ्यात पाणी येतं, यायचं नाही म्हणून! शिकली, पैसे दिसले, मन फिरलं. असंच वाटलं मला. देवाजवळ बसले तरी तेच डोक्यात. देवजीभाऊंनी त्या दिवशीपासून मधल्या खोलीचं दार ओढून घेतलं. शुक्रवारी कॉल व्हायचा, पण लवकर संपायचा. "बरी हाय," एवढंच सांगायचे. मला आता कुणी बोलवायचंही नाही, कॉल लावायला ते शिकले होते. शुक्रवार सकाळ मोकळी झाली माझी. मी घर दोनदा झाडायची.

पुढे महिनाभराने त्यांना खोकला झाला. शुक्रवारी त्यांनीच हाक मारली. "बाई! सुषमा तुम्हाला बोलवते! औषधाचं इचारते!"

मी गेले. त्यांनी हेडफोन काढून माझ्या डोक्याला लावला आणि समोर वेताच्या मोड्यावर बसले. सुषमा पडद्यावर होती. "सुषमा, मी बाई," मी म्हटलं. ती नुसतीच बघत राहिली.

"अहो दाबा!" देवजीभाऊ म्हणाले. "दाबल्याबिगर जाईल कसं? ते बटण, दांडीचं!"

मी दाबलं. कानात एक बाई इंग्रजीत काहीतरी पुटपुटली. मी परत म्हटलं, "सुषमा, मी बाई."

"हां बाई!" सुषमाचा आवाज आला, अगदी कानाशी बसल्यासारखा. "बरं झालं आलात. बाबांना ऐकू येत नाहीये ना आता? मला तुम्हालाच विचारायचंय. खोकला किती दिवस आहे? आणि बाई, बाबा माझ्यावर नाराज आहेत का?"

मी परत बटण दाबलं आणि बोलायला लागले, "खोकला कमी आहे गं, मी काढा देते." पण या वेळी कानातली बाई काय म्हणाली ते मला नीट कळलं. 'म्यूट ऑन.' शाळेच्या मीटिंगांमध्ये हा शब्द किती वेळा ऐकला होता. "बाई, म्यूट काढा. बाई, तुमचा आवाज येत नाही."

"बाई? गेलात का?" सुषमा म्हणाली. "बघा, बाबांचंही असंच होतं. एक वाक्य येतं, एक येत नाही. आमच्याकडचं नेट की तुमच्याकडचं, काय माहीत. त्या दिवशी मी विचारलं, येऊ का म्हणून, तर कितीतरी वेळ नुसती शांतता. मी वाट बघत होते. मग एकदम म्हणाले, राहा, तुझं बरं चाललंय, माझी काही तक्रार नाही. इतकं सहज म्हणाले बाई. मी ठरवून बसले होते, ते एकदा ये म्हणाले तर.." ती थांबली. "जाऊ दे. आता मी हो कळवून टाकलंय इथे. दोन वर्षं."

माझ्या समोर मोड्यावर देवजीभाऊ बसले होते. माझं तोंड बघत होते, की औषधाचं काय म्हणते पोर.

मी तेव्हाच सांगून टाकू शकले असते. तोंडापर्यंत आलं होतं. पण आजवर मी त्यांचे एवढे निरोप पोचवले, हा एक माझ्या तोंडून जायला नको असं वाटलं. मी बटण दाबून म्हटलं, "सुषमा, खोकला बरा आहे. पुढच्या शुक्रवारी बाबांशी बोल. नीट बोल." आणि कॉल बंद केला.

"काय बोलली?" देवजीभाऊंनी विचारलं.

सांगून त्यांना कळलं नसतं. मी रेकॉर्डिंग चालू केलं आणि हेडफोन त्यांना लावला. "बोला," मी खुणेने सांगितलं. त्यांचा अंगठा दांडीकडे गेला, तो मी धरून ठेवला. "नुसतं बोला."

"काय बोलू?"

तेवढं पुरे होतं. मी वाजवलं. त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला, 'काय बोलू?' मान हलवली. मग मी परत रेकॉर्डिंग लावलं आणि म्हटलं, "आता तुमच्या पद्धतीने." त्यांनी बटण दाबून धरलं आणि खणखणीत आवाजात बोलले, "देवजी बोलतो झाईवरून. सोडतो."

मी वाजवलं. ते ऐकत राहिले. ऐकण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी कानावर हेडफोन आणखी दाबला.

"बंद पडला काय?"

"नाही पडला. हे बटण उलटं आहे, भाऊ! एकदा दाबलं की आपला आवाज बंद! परत दाबलं की चालू! सेटसारखं नाही! हे दाबायचंच नाही!"

त्यांना कळायला वेळ लागला नाही. आयुष्य त्यातच गेलेलं. एकदा दाबलं की बंद, दुसऱ्यांदा दाबलं की चालू, तिसऱ्यांदा दाबलं की बंद. ते मनातल्या मनात मागे मागे जात होते, मला दिसत होतं. मग एका जागी येऊन थांबले.

"म्हणजे माझं 'ये' गेलंच नाय."

"नाही गेलं."

"आणि 'राहा' गेलं."

"ते गेलं."

त्यांनी हेडफोन काढला. "ती मशीनमधली बाई बरी बोलायची कानात," ते म्हणाले. "दर वेळी दाबलं की बोलायची. मला वाटायचं, निरोप मिळाला म्हणते."

चार दिवस ते बोललेच नाहीत. मी काढा द्यायला गेले की घ्यायचे, भांडं परत द्यायचे. समुद्रावर जाऊन बसायचे. शेवटी मीच विचारलं, "शुक्रवारी सांगणार ना तिला?"

"काय सांगू? तिनं कळवलं तिथं. आता सांगून पोर तिकडं रडंल. एकटी हाय."

"ती आत्ताही एकटीच आहे," मी म्हटलं. "आणि तिला वाटतं, बापाला मी आले काय, न आले काय."

"असं बोलली?"

"असं नाही बोलली. पण मला तिचा आवाज ऐकू आला ना त्या दिवशी."

मी घरी येऊन पोथी उघडली, एक ओळ वाचून होईना. माणसाला दुसऱ्याच्या घरात जेवढं बोलावं तेवढंच बोलता येतं.

शुक्रवारी सकाळी फटीतून हाक आली. हातात हेडफोन होता. "बाई, त्या बटणावर काहीतरी चिकटवा. माझा अंगठा माझं ऐकायचा नाय."

आवाज जातोय ना ते मी आधी रेकॉर्ड करून बघितलं, मग जखमेला लावायची चिकटपट्टी आणली आणि बटणावर दोन वेढे घातले. कॉल लावून दिला. सुषमा आली पडद्यावर. देवजीभाऊंनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसले, शाळेत मुलं बसतात तसे. मला बस म्हणाले नाहीत. म्हणाले असते तरी मी बसणार नव्हते. मी अंगणात आले. पण त्यांचा आवाज तो, अंगण काय अडवणार.

"बाय, मधे बोलू नको. आधी माझं ऐक. त्या दिवशी तू इचारलंस ना, येऊ काय. मी ये बोललो होतो."

मग काही नाही.

"हो. ये बोललो. ते तुला पोचलं नाय. माझीच चूक, बटण दाबलं. पोचलं ते दुसरं."

मग परत काही नाही. विहिरीवर एक कावळा येऊन बसला.

"राहा ते तुझे डोळे बघून बोललो. मला वाटलं, तुला यायचं नाय."

आणि मग, "आता बोल. मी काय बोललो होतो ते तू परत बोल. मला ऐकू दे."

बोटीला महत्त्वाचा निरोप दिला की ते असंच करायचे. वादळाचा इशारा असला तर नुसतं 'मिळाला' चालायचं नाही, तांडेलने, म्हणजे बोटीच्या मुख्य माणसाने, तो शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचा. तेव्हाच तो पोचला असं धरायचं.

आत सुषमा काय म्हणाली ते मला ऐकू येण्यासारखं नव्हतं. मी तिथे थांबले नाही. घरी आले, दार लोटून घेतलं आणि देवापुढे बसले. काही मागितलं नाही. मागायला माझं काय होतं त्यात.

संध्याकाळी देवजीभाऊ आले. माझ्या पायरीवर बसले, गुडघा लांब करून. समुद्राकडे बघत होते. बोटी यायच्या होत्या अजून.

"ती बोलली," ते म्हणाले, "बाबा, बहुतेक मी राहिलेच असते. इथं पगार बरा, शिकायला मिळतं. पण तुम्ही ये बोललात हे ठाऊक असतं तर राहताना बरं वाटलं असतं."

"मग आता?"

"आता बरं वाटतं म्हणाली."

"आणि तुम्हाला हो?"

त्यांनी डाव्या कानामागे हात धरला. मी परत विचारलं, मोठ्याने. त्यांनी ऐकलं.

"दोन वर्षं हायत बाई," ते म्हणाले. एवढंच.

मी म्हटलं, "जेवून जा. बोंबलाचं कालवण केलंय."

"नको. घरी भात टाकलाय."

टाकला नव्हता. दुपारपासून त्यांच्या घरून भांड्याचाही आवाज आला नव्हता. पण मी आग्रह केला नाही. ते उठले, मेंदीचं कुंपण धरत फटीतून पलीकडे गेले. मी पातेल्यावर झाकण ठेवलं. थोड्या वेळाने त्यांच्या अंगणात तांदूळ धुतलेलं पाणी फेकल्याचा आवाज आला.